कुणी आवळलाय हा?

कमलाकरांनी लावलेलं झाकण कुणाच्या बापाला उघडायचं नाही. बरणी असो, नळ असो की गाडीतला एखादा बोल्ट, पुरेसा आवळून झाल्यावरही ते वर आणखी एक पीळ देणारच. चारुशीलाबाईंनी यावरून संसारभर कपाळावर हात मारून घेतला. "तुम्ही घरी नसलात तर मी बरण्यांकडे बघत उपाशी मरेन," असं त्या म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात कमलाकरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. पुढे बोटं थोडी हलू लागली. डॉक्टर म्हणाले, हात वापरा, वापरलात तरच परत येईल. पण जन्मभर पोरांना "अभ्यास करा" म्हणून दटावणारे हे मास्तर स्वतःचा अभ्यास काही करेनात. हात शालीखाली दडवून नुसते बसून राहत. आता झाकणं चारुशीलाबाई लावत आणि साखरेला मुंग्या लागत. त्या मुंग्या निवडताना बाईंना रडू येई.

गाडी चालवायलाही त्याच शिकल्या. त्या दिवशी कमलाकरांना हाताच्या व्यायामासाठी घेऊन पोलादपूरहून महाडला निघाल्या, तर इंजिनाचा पट्टा किंचाळायला लागला. हायवेलगतच्या सुनीलच्या गॅरेजात त्यांनी गाडी घातली. पट्टा सैल करायला सुनीलने बोल्टला पाना लावला, जोर केला, आणि कट्कन बोल्टचं डोकंच तुटून बाहेर आलं. उरलेला तुकडा आत रुतून बसला.

"आयला! कुणी आवळलाय वो हा? मानूस हाय का रेडा?"

रेडा म्हटल्याबरोबर खुर्चीवर बसलेल्या कमलाकरांची मान वर झाली. ते बाईंनी पाहिलं.

"आमच्या ह्यांनी," त्या बोलून गेल्या. खरं तर तो पट्टा दिवाळीत पुतण्याने, रितेशने बसवला होता. पण कमलाकर हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

सुनीलने बॅटरीची वायर सोडवली, तुटक्या तुकड्यावर एक नट ठेवला आणि वेल्डिंग करून चिकटवला. थंड होऊ दिला, तेल सोडलं. मग पाना पुढे धरून म्हणाला, "काका, या हिकडं. ज्यानं आवळला त्यानंच सोडवायचा."

बाई पुढे झाल्या. आपल्याच खोट्याने नवऱ्याला तोंडघशी पाडलं! "अहो, राहू दे, त्यांचा हात..."

"थांब, चारू," म्हणत कमलाकर उठले. शालीतून उजवा हात निघाला. बोटं पान्यावर मिटेनात, तेव्हा त्यांनी ती डाव्या हाताने एकेक करून मिटवली. तोवर सुनीलने पाना धरून ठेवला.

"आदी जरासा आवळा, मंग सोडा. एकदम उलटा वडलात तर परत तुटंल. घाई नाय."

पान्याचं टोक सुनीलने धरलं होतं, पण जोर दोघांचा होता. जरा आवळला, जरा सोडला. पुन्हा आवळला. कमलाकरांच्या कपाळावरून घाम गळायला लागला. आणि कुरकुरत, नाखुशीने, बोल्ट फिरला.

नवा बोल्ट नि पट्टा बसवून झाल्यावर ते गाडीत बसले, तेव्हा तो तुकडा त्यांच्या उजव्या तळव्यात होता.

"पट्टा रितेशने बसवला होता," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय! मला तुमचा तो हात परत हवाय हो. फार आठवण येते त्याची." समोरचा रस्ता धूसर झाला तशी बाईंनी गाडी हळू केली.

बिरवाडीचा फाटा आला. कमलाकर म्हणाले, "माझ्यासाठी खोटं नको बोलत जाऊस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर साखरेची बरणी त्यांनी स्वतःकडे ओढली. बराच वेळ खटपट करून उजव्या हाताने झाकण लावलं आणि बायकोकडे पाहिलं. बाईंनी दोन बोटं लावली, तर झाकण लगेच फिरलं. "बाई गं, किती आवळलंत!" हे अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सैल आहे," त्या म्हणाल्या. "मुंग्या लागतील."

कमलाकरांनी उजवा हात पुढे केला. "आण इकडे."