हवा न शिरणारा तंबू

"खाला, एकदा दार बांधलंत की आत वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरायची नाही. आईची शपथ!" अबू रातिबने तंबूच्या जाड भिंतीवर थाप मारली. सीरियातल्या हमा शहराकडचा हा माणूस कुवेतच्या शुक्रवार बाजारात कित्येक वर्षं तंबू विकत होता, आणि या वाक्यावर गिऱ्हाईक हमखास विरघळतं हा त्याचा अनुभव होता.

उम्म मिशारी दुखरा गुडघा पुढे पसरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

"शिरेल असा दाखव," ती म्हणाली.

"काय शिरेल?"

"हवा. एकपदरी, पातळ. जुना असला तरी चालेल."

तिच्या मुलाने, मिशारीने, कपाळावर हात मारून घेतला. "यम्मा, तीन महिन्यांची पोर घेऊन हिवाळाभर वाळवंटातल्या छावणीत राहायचंय आपल्याला! जानेवारीतला गारठा काय तुला सांगायला हवा?" त्याची बायको अन्फाल तान्ह्या लूलवाला खांद्यावर थोपटत उभी होती. तिने तंबूच्या अस्तरावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा खुलला. म्हणजे खरेदी झाल्यातच जमा होती.

"साठी बुद्धी नाठी," बू मिशारी, तिचा नवरा, शेजारच्या गालिच्यांच्या ढिगावर बसून हसला. "हिला काय, जुना फाटका तंबूच प्यारा. ठिगळ लावू देईल तर शपथ."

हसा, हसा. उम्म मिशारीने खाली मान घातली. कंजूष म्हणून तिचं नाव साऱ्या गोतात झालं होतं आणि ते तिने होऊ दिलं होतं.

मिशारी अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. थोरली मुनीरा चार वर्षांची होती. छावणीवर पाऊस पडून गेला होता, दुपारी निजलेल्या पोरीचे पाय गार लागले म्हणून बू मिशारीने कोळशाची शेगडी उचलून तिच्या छोट्या तंबूत ठेवली आणि वारा लागू नये म्हणून दार घट्ट बांधलं. मायेनेच बांधलं. संध्याकाळी मुनीरा उठली नाही. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आला तेव्हा बू मिशारी भावांना बोलवायला गेला होता. बंद तंबूत कोळशाचा वायू साठला, असं डॉक्टरने तिला एकटीला सांगितलं. तिने त्याचे हात धरले. नवऱ्याला सांगू नका, तो जगायचा नाही. आणि नवरा परत आल्यावर ती म्हणाली, ताप मेंदूत गेला.

तेव्हापासून घरात तापाचीच गोष्ट चालत आली होती. दर हिवाळ्यात ती निजायच्या आधी स्वतः शेगडी बाहेर नेई, कोळशाची राख होईतो तिच्यापाशी बसून राही. तंबूला पडलेली भोकं ती जपून ठेवी. पण मागच्या वादळाने त्या तंबूच्या चिंध्या केल्या, आणि या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नेमकी थंडीच्या ऐन भरात आली होती. पहाऱ्याला ती नसणार होती. तंबूच काय तो पहारा करणार.

"मग चाकांवरचं गाडीघर घ्या की," ती घाईने म्हणाली. "त्यात विजेचा हीटर असतो."

"डब्यात झोपायला मी काय सार्डीन मासा आहे?" बू मिशारी म्हणाला. "आणि पाहुणा आला तर त्याला कुठे बसवू, टपावर?"

"वाळूत ओढायला माझी गाडी पुरणार नाही, यम्मा. आणि रात्री जनरेटर बंद करतो आपण. शेगडी आहे ना."

"शेगडी आत नको."

"जरा दार किलकिलं ठेवू. सगळेच ठेवतात. तूसुद्धा ना!"

मिशारीला एकट्याला बाजूला घेऊन सांगावं? पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. घरी पोचायच्या आत बापाला कळलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता हा. एका बाजूला म्हातारा आणि एका बाजूला ते खांद्यावरचं गाठोडं, आता नुकतं हसायला शिकलेलं.

"बांधून द्या," मिशारी म्हणाला.

उम्म मिशारी कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. कापड कापायची मोठी कात्री गल्ल्यावर पडली होती. ती तिने उचलली, लंगडत तंबूपाशी गेली, टोक भिंतीत खुपसलं आणि दोन्ही हातांनी कापत सुटली. आधी वरचं कापड फाटलं, मग अस्तर. पलीकडचा उजेड आत आला.

"यम्मा!"

अन्फाल पोरीला घेऊन मागे सरकली. बाजूच्या दुकानांतली माणसं येऊन उभी राहिली. मिशारीने आईच्या हातातून कात्री काढून घेतली. त्याचा चेहरा लाजेने काळवंडला होता. "माफ करा, तिची तब्येत बरी नाही," तो सगळ्यांना सांगत होता.

अबू रातिब मात्र मुरलेला दुकानदार. "काही बिघडलं नाही! ठिगळ असं लावून देतो की खुद्द वाऱ्यालासुद्धा सापडायचं नाही." त्याने शिंप्याला हाक मारली.

शिंपी ठिगळ घेऊन आला. उम्म मिशारीला रडू फुटलं. एवढं करूनही ती हरली होती. आता बोलण्यावाचून गत नव्हती, आणि बोललं की हा माणूस गेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

बू मिशारी हसत नव्हता. तो गालिच्यांवरून उतरला, शिंप्याजवळ गेला आणि त्याने ठिगळ त्याच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे ते भोक," तो म्हणाला. "मुनीराच्या तंबूला एकही नव्हतं."

बाजारात गलका चालूच होता. उम्म मिशारीला तो ऐकू येईनासा झाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरीला मीच उचललं होतं ना. गाल गुलाबी होते तिचे, कोळशाच्या वायूने होतात तसे. तापाने गेलेली पोरं मी पाहिली आहेत, उम्म मिशारी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू माझ्यासाठी एवढ्या कष्टाने खोटं बोलत होतीस," तो म्हणाला. "ते मोडायचं कसं?"

तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच्या छातीवर डोकं आपटावंसंही वाटलं. एका अंथरुणावर झोपून दोघांनी इतकी वर्षं एकमेकांपासून लपून रडून घेतलं होतं. त्याने तिला खुर्चीत बसवलं.

"यबा, काय चाललंय हे?" मिशारी म्हणाला. "मुनीरा तर तापाने गेली ना?"

"बस खाली," बू मिशारी मुलाला म्हणाला. "अन्फाल, तूही बस, बाळा. शेगडी तंबूत का न्यायची नाही ते सांगतो. मी नेली होती."