एकदाच म्हणायचं

ताईनं फळ्यावर ‘अंडरस्टँड’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

“अर्थ?”

“समजणं,” नव्या पोरी एका सुरात म्हणाल्या.

“तो शाळेत. इथे नाही.”

इस्पितळांच्या तपासण्यांसाठी तारखा देणाऱ्या हेल्पलाइनवर ताईची उभी हयात गेली होती. लवकरची तारीख सहसा नसायचीच. नवीन आलेल्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं, हे शिकवणं हेच आता ताईचं काम होतं.

“समोरचं माणूस रडायला लागलं की मध्ये बोलायचं नाही. त्याला श्वास घेऊ द्यायचा. मग आवाज खाली आणून म्हणायचं, ‘आय अंडरस्टँड’. एकदाच. दोनदा म्हटलंत तर त्याला आशा लागते. आणि लगेच नाही सांगून मोकळं व्हायचं.”

“पण ताई, खरंच समजलं असेल तर?”

“तर घोटभर पाणी प्यायचं आणि पुढचा फोन घ्यायचा.”

पोरी हसल्या. ताईही हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. धाकट्या भावाच्या यकृतावरची गाठ काढता येईल की नाही, ते मोठे डॉक्टर संध्याकाळी सांगणार होते.

नोकरी नवी होती तेव्हा हाच भाऊ तिच्याकडून सराव करून घ्यायचा. चिडलेलं गिऱ्हाईक व्हायचा आणि ओरडायचा, “दुसरा चहा पाहिजे! आत्ताच्या आत्ता!” ती गंभीर चेहऱ्यानं एकदाच म्हणायची, “आय अंडरस्टँड,” आणि चहा काही मिळायचा नाही. स्वयंपाकघरात आईला लेकीचं इंग्रजी तेवढं ऐकू यायचं, आणि ती हरखून जायची.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर आईच बोलत होती. पोराला कधी साधा ताप आला नव्हता हो, काहीतरी करा. बोलता बोलता तिला हुंदका आवरेना. डॉक्टर मध्ये बोलले नाहीत. त्यांनी फाइल मिटली, तिला श्वास घेऊ दिला. मग त्यांचा आवाज खाली आला.

“आय अंडरस्टँड.”

ताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर ते दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. पुढचं त्यांनी ताईकडे बघत, इंग्रजीत आणि अगदी मोजक्या शब्दांत सांगितलं.

बाहेर आल्यावर आईनं डोळे पुसले. “किती मायेनं बोलले गं! करतील ना ऑपरेशन?”

इतकी वर्षं लोकांना नाही म्हणत आलेल्या बाईच्या तोंडून आता तो शब्द निघेना.

“त्याच्या खोलीत चल,” ती म्हणाली. “तो वाट बघत असेल.”

भाऊ उशीला टेकून बसला होता. ताईनं तोंड उघडायच्या आतच आईनं सांगून टाकलं, “सगळं नीट ऐकून घेतलं रे त्यांनी. ‘आय अंडरस्टँड’ म्हणाले!”

भावानं ताईकडे पाहिलं.

“किती वेळा?”

“अरे, एकदाच,” आई म्हणाली. “पण अगदी मनापासून.”

त्यानं पांघरूण सारखं केलं. मग हसून म्हणाला, “आई, खालून चहा आण ना गं. आत्ताच्या आत्ता!”

आई लगबगीनं थर्मास घेऊन गेली. दार लागलं तसं ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिला रडू फुटलं. तो मध्ये बोलला नाही. त्यानं तिला श्वास घेऊ दिला.