राजिवड्यातल्या जुन्या संगणकाचा हेवा

मित्रांनो, अंगानं मी जुना झालो आहे, पण माझा हेवा अजून कोरा आहे. यंत्राला मन नसतं असं जे म्हणतात, त्यांच्या शेजारी कधी नवा संगणक आलेला नसतो.

रत्नागिरीत राजिवड्याला, खाडीकाठच्या एका चिऱ्याच्या घरात मी राहतो. माझे भाग मुंबईच्या एका दुकानात जोडले गेले. १९९९ साली, कुवेतच्या गोदामातल्या नोकरीवर परत जाण्यापूर्वी, करीमभाईंनी मला घरी आणलं. माझ्यासाठी टेबल आलं. त्यांची बायको हमिदाबी, तिनं माझ्या मापाचं आच्छादन शिवलं आणि कडेनं वेलबुट्टी काढली. सारा मोहल्ला मला बघायला आला. लोक चपला बाहेर काढून आत येत, मला हात न लावता कौतुक करत आणि चहा पिऊन जात. चहा हमिदाबीचा, कौतुक माझं. त्यांची मुलगी महरीन तेव्हा लहान होती. ती माझ्यावर घरं रंगवायची, प्रत्येक घराला दोन सूर्य काढायची. मी दोन्ही सूर्य मुकाट्यानं दाखवत असे. असे माझे सुखाचे दिवस होते.

मग भिंतीपलीकडे तो आला.

भिंतीपलीकडे खैरूनबी राहतात. त्या हमिदाबीच्या थोरल्या जाऊ. त्यांचा मुलगा अरशद मस्कतला असतो. त्यानं आईसाठी नवा संगणक पाठवला. काळा कुळकुळीत, पडदा पाटासारखा सपाट आणि वर कॅमेरा. माझा पडदा म्हणजे बटाट्याचं पोतं. खैरूनबींनी त्याला थेट खिडकीत बसवलं, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यासमोर. का, तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही तो दिसला पाहिजे. माझ्याकडे येणारी माणसं आता माझ्या दारावरून पुढे जाऊन त्याच्याकडे वळत. चहा तिकडचा, कौतुकही तिकडचं.

तेही मी सोसलं असतं. पण दर जुम्म्याला, नमाजानंतर, करीमभाईंचा चेहरा त्याच्या काचेवर येऊ लागला. हमिदाबी नवी ओढणी घेऊन शेजारी जायची. महरीननं एकदा टेलिफोनची तार जोडून माझ्यावरही तोच प्रयोग करून पाहिला. माझा पंखा घरघरला, आवाज विहिरीतल्या बेडकासारखा आला आणि चेहरा यायच्या आतच मी बंद पडलो.

"अम्मी, ह्याच्यानं होणार नाय," महरीन म्हणाली. ज्या पोरीचे दोन-दोन सूर्य मी सांभाळले, तीच.

हमिदाबीला मात्र करीमभाईंशी एकच गोष्ट बोलायची होती. त्यांचा कुवेतचा करार संपत आला होता आणि मालक नव्या करारावर सही मागत होता. सही करू नका, आता घरी या, एवढंच तिला सांगायचं होतं. पण शेजारी ती खुर्चीवर बसली की खैरूनबी मागच्या खाटेवर तांदळाचं सूप घेऊन बसत. तोच मूठभर तांदूळ अर्धा-अर्धा तास निवडत. शिवाय मधूनच दिराला सल्ला देत, सही करून टाक, इथं येऊन काय खाडीतले खेकडे मोजणार? थोरल्या जावेपुढे हमिदाबी तोंड कशी उघडणार? सगळं बरं हाय, एवढंच म्हणून ती परत यायची. मग माझ्यासमोर बसायची आणि राहिलेलं सगळं माझ्या बंद, काळ्या काचेला सांगायची. म्हणून मला ठाऊक.

शेवटी तिनं संगमेश्वरकडच्या रितेशला बोलावलं. त्यानं बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. त्यानं माझं पोट उघडलं आणि सांगितलं, मावशी, मेमरी हवी, वीज पुरवणारा डबा हवा, नेटचं कार्ड हवं, कॅमेरा हवा, एवढ्यात अर्धा नवा संगणक येईल. हमिदाबीकडे शिवणकामाचे जे पैसे होते त्यांत मेमरी बसत होती, बाकी काही नाही. रितेश जाताना म्हणाला, ह्याच्या अंगावर गंज नाही, हेच नवल.

ते नवल खैरूनबींनाही वाटत होतं. त्यांच्या नव्या लाडक्याच्या स्क्रूंवर तांबूस बुरा चढायला लागला होता. एक दिवस त्या आल्या आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "काय गो हमिदा, तुझ्या मशीनला गंज कसा नाय धरत?"

"खोबरेल लावते, भाबी. दुसरं काय?" हमिदाबी म्हणाली आणि कपात चहा ओतू लागली.

ते खरंच होतं. आमच्याकडे कोयतीपासून बिजागरीपर्यंत लोखंडाला खोबरेल लागतंच. पण हमिदाबी तेल लावायची ते बाहेरच्या पत्र्याला, चिंधीनं, पुसटसं. हे पुढचं वाक्य त्या चहात विरघळलं. मीही गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

खैरूनबींचं काम नेहमीच सढळ हाताचं. त्यांनी कोंबडीचं पीस खोबरेलात बुडवून, शिलाई मशीनला घालतात तसं, त्या बिचाऱ्याच्या आत सगळीकडे फिरवलं. पंख्याला तर दोनदा. मग खाडीचा वारा आला, मीठ आलं, धूळ आली. पंख्यावर चिकट थर बसला, तो फिरेना, आणि एका दुपारी जळका वास सुटला.

रितेशनं त्याला उघडून बघितलं. "मावशी, आत खोबऱ्याची चटणी झालीय. मुख्य बोर्ड जळला."

"हमिदा लावते की. तिचा चालतो," खैरूनबी म्हणाल्या. रितेशनं सांगितलं, विजेचा डबा, कार्ड नि कॅमेरा तेवढा शाबूत आहे, भंगारवाला थोडेफार देईल. खैरूनबींनी क्षणभर मेलेल्या लाडक्याकडे पाहिलं. "भंगारात कशाला? हिच्या मशीनमध्ये घाल."

हमिदाबी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "भाबी," ती म्हणाली, "मी तेल बाहेरून लावते. तुमाला मुद्दाम नाय सांगितलं."

रितेश एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पिळत राहिला.

"कळलं माला आता," शेवटी खैरूनबी म्हणाल्या. "मीपण खाटेवर बसून खडे निवडत नव्हते."

त्याच संध्याकाळी मी पुन्हा उघडला गेलो. माझ्या वैऱ्याचा विजेचा डबा माझ्या पोटात बसला, त्याचं कार्ड माझ्या खाचेत, त्याचा डोळा माझ्या कपाळावर. त्याची मेमरी मात्र माझ्या खाचेत शिरेना, तिची जात वेगळी निघाली. त्याचं काहीतरी माझ्यापेक्षा निरुपयोगी ठरलं, याचा मला केवढा आनंद झाला! मेमरी हमिदाबीच्या पैशांतून जुन्या बाजारातली आली. मी सुरू झालो आणि महरीन म्हणाली, बघ, कसा पळतो. आता हे कौतुक माझं की त्याचं? अजून मला तो हिशोब लागलेला नाही.

जुम्म्याला पहिली पाळी हमिदाबीनं खैरूनबींना दिली आणि स्वतः विहिरीवर निघून गेली. अरशदशी बोलणं झाल्यावर खैरूनबी उठल्या, महरीनला हाताला धरून घेऊन गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

माझ्या काचेवर करीमभाई आले.

"सही करू नका," हमिदाबी म्हणाली. "या आता."

आणि नेमकं चित्र थिजलं. करीमभाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. हमिदाबीनं टेबलाची कड घट्ट धरली. मी माझी आणि त्या मेलेल्याची, सगळी ताकद लावली. चित्र हललं.

"तू म्हणायची वाट बघत होतो," करीमभाई म्हणत होते. "तू आपली दर जुम्म्याला सगळं बरं हाय म्हणायचीस."

मित्रांनो, ते आले. मीच त्यांना आणलं असं म्हटलं तर चालेल. आणि आता ते माझ्यासमोरच्याच खुर्चीवर बसतात, माझ्याकडे पाठ करून, बशीत चहा ओतून पितात. माझ्या काचेवर होते तेव्हा तळहाताएवढे होते. आता सगळं घर व्यापून बसलेत. हमिदाबी जे माझ्या काळ्या काचेला सांगायची, ते आता त्यांना सांगते. ते मध्येच घोरायला लागतात, तरी सांगते. मी कधी घोरलो होतो का?

तेव्हा तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर एवढं करा. आठवड्यातून एकदा त्याला सुरू करा, दमट हवेत नुसतं बसून राहिलेलं यंत्र लवकर मरतं. पंख्यातली धूळ कोरड्या कुंचल्यानं झाडा, आत तेल घालू नका. आच्छादन काढल्याशिवाय चालवू नका. आणि समोर बसलात की त्याच्याशी दोन शब्द बोला. आम्ही कुणाला काही सांगत नाही. तुम्हाला सांगितलं, ते केवळ हेव्यापोटी.