जात सांगता येत नाही

सकाळी पार्लरवालीने मागचं दार उघडलं तर पायरीवर एक कुत्री बसलेली. चांगली कमरेएवढी उंच, रंगाने राखाडी, अंगावर काथ्यासारखे राठ केस, तोंड लांबुळकं. एक डोळा तपकिरी तर दुसरा निळा. पार्लरवालीचं आयुष्य लोकांचे केस कापण्यात गेलं होतं, पण असले केस तिने कुठल्याच डोक्यावर पाहिले नव्हते. तिने हड्‌हड् करून पाहिलं. कुत्री उठली, आत आली आणि ड्रायरच्या खुर्चीखाली तिने खुशाल अंग टाकलं.

गल्ल्यावर बसलेल्या नणंदेने पाय वर घेतले. "वहिनी, ही कोणाची?"

"मला काय विचारता? तुमच्यासमोरच तर आली."

पहिल्याच गिऱ्हाईक होत्या शाळेतल्या बाई. डोक्याला रंग लावलेला, तशाच त्या खाली वाकल्या. "अगं बाई! ही साधीसुधी नाही हं. परदेशी शिकारी जात आहे ही. फार दुर्मिळ. मी फोटो पाहिलाय." रंग वाळून कडक झाला तरी त्यांचं फोटो काढणं संपेना.

दुपारपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली. रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की गॅलरीतून पाणी फेकणारे वरच्या मजल्यावरचे काका चक्क बिस्किटांचा पुडा घेऊन खाली आले. "काय रुबाब आहे! खानदानी जनावर लपत नाही." पार्लरवालीची कात्री हातातल्या हातात राहिली. हे तेच काका ना, असं नणंदेने नजरेनेच विचारलं.

शोधत मात्र कोणीच आलं नाही. पार्लरवालीने आजूबाजूला विचारून पाहिलं, मग हळूच लाल पट्टा आणला. कोणी विचारलं नाही तरी "परदेशी आहे" असं सांगायलाही ती शिकली. सांगताना आपली मान जरा ताठ होते, हे तिला आरशात दिसायचं.

आणि मग एक विमा एजंट पार्लरमध्ये आलेल्या बायकोला न्यायला आले. त्यांनी कौतुकाने कुत्रीच्या गालाला हात लावला, तशी ती खोल घशातून गुरगुरली. एजंट दारापर्यंत मागे सरकले.

"शिकारी-बिकारी काही नाही, ताई. हे झुंजीच्या कुत्र्यांचं रक्त आहे. जबडा बघा की! एकदा धरलं की सोडत नाहीत. कुठेकुठे तर पाळायलाच बंदी आहे असल्यांना."

दुसऱ्या दिवशी काका आले ते हातात काठी घेऊन. "हिला बाहेर काढा, नाहीतर मी तक्रार करीन."

"अहो काका, काल तर खानदानी होती!"

"काल मला माहीत नव्हतं!"

काल पार्लरवालीलाही माहीत नव्हतं. आज तरी काय माहीत होतं? कुत्री तीच, डोळे तेच. पण संध्याकाळी खायला देताना तिने वाडगा झाडूच्या दांड्याने पुढे ढकलला. कुत्रीने आधी झाडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पार्लरवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही झाडू हातातून सुटला नाही.

शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी कुत्रीला चहूबाजूंनी तपासलं.

"जात सांगता येत नाही."

"म्हणजे? परदेशी की झुंजीची?"

"नुसतं बघून कसं सांगणार? यातलं थोडं, त्यातलं थोडं, काहीही असेल. वयस्कर आहे, आणि दाढ किडलीय. गालाला हात लावला की ठणकत असणार. गुरगुरेल नाहीतर काय करेल?"

दाढ काढली. पार्लरवालीचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पडलाही. पण कुत्री दुर्मिळ असेलच असं नाही हे ऐकून कुठेतरी हिरमोडही झाला, आणि त्या हिरमोडाचा तिला रागच आला.

जिन्यात काका उभेच होते. काठी होती, आणि खिशात बिस्किटंही. "मग काय ठरलं? बिस्किट द्यायचं का?"

"नको, दाढ काढलीय. कडक चालणार नाही."

"ते नव्हे हो! आहे कोण ही?"

"मलाही कळत नाहीये, काका."

काका वर जावं की खाली यावं अशा विचारात मधल्या पायरीवर घुटमळत राहिले.

सकाळी औषध द्यायचं होतं. नणंद दूर उभी राहून म्हणाली, "वहिनी, हातमोजे घाला." पार्लरवालीने घातले, मग पकड सुटते म्हणून काढले. गोळी घेऊन तिने तो लांब जबडा उघडला. कुत्रीने तोंड मिटलं, मनगट दातांत अलगद धरलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि सोडून दिलं. गोळी गिळली होती. मनगटावर फक्त लाळ होती.

पार्लरवाली तिथेच फरशीवर बसली. तिला घाबरावं की रडावं हेच समजेना. कुत्रीने आपलं जड डोकं तिच्या मांडीवर टेकवलं.

"चावली का?" नणंदेने विचारलं.

"माहीत नाही हो," पार्लरवाली म्हणाली, आणि कोरड्या हाताने ते राठ केस विंचरू लागली.