बाबांना पडलेलं एक मत

आमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये शुल्क भरलं की पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला कुणीही उभं राहू शकतं. यंदा माझे बाबाच, क्लेमेंट वेलेट, उभे राहिले! आणि शाळेची वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यामुळे गावचा निकाल सभागृहात वाचायचा मान मला मिळाला. मी नुसती हवेत होते.

"आवाज खणखणीत काढ गं," नगर-कारकून हॅस्केलबाई म्हणाल्या, "आणि एकही नाव गाळायचं नाही."

मी प्रत्येक आकड्याआधी मुद्दाम थांबत होते, लोक टाळ्या वाजवत होते. त्याच तोऱ्यात मी गरजले, "क्लेमेंट वेलेट..." आणि मग आकडा पाहिला. "एक."

"चला, स्वतःचं तरी मिळालं!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह खदखदून हसलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. घरात मतदार दोन आणि मत एक! मला वाटलं, मंचाखाली शिरावं. इतकं रंगवून वाचायची काय गरज होती मला?

बाबा उठून उभे राहिले. "हसताय काय? ते मत हिचं आहे. स्वतःच्या नावावर खूण करायला मलाच लाज वाटली."

लोकांनी आईसाठी टाळ्या वाजवल्या. तिचे कान लालभडक झाले. मतदान करून आल्यावर ती मला कुजबुजली होती, "बाबांना सांगू नकोस हं, मी दुसऱ्याला दिलं." बाबांना ते आत्ता कळलं होतं, तेही माझ्याच तोंडून. पुढचं नाव मी न थांबता, साध्या आवाजात वाचून टाकलं.