गिरजाच्या भिंतीवरचा हिरवा पोपट

किन्हवलीच्या पुढं आमचा पाडा. तिथं कोंडू आणि धाकलू या दोघा भावांची घरं एकमेकांना खेटून आहेत. मधला कूड एकच, त्यामुळं एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. कोंडूची बायको गिरजा, थोरली जाऊ. धाकलूची सकू, धाकटी. गिरजाच्या जमेला पुष्कळ होतं: दुभती म्हैस, गावकीत मान, आणि ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा आवाज. सकूच्या जमेला नुसती बोटं.

पण त्या बोटांना रिकामं बसवत नसे. ओढ्याच्या कडेला कसईचं गवत उगवतं. त्याचं बी राखाडी, गुळगुळीत आणि आयतंच भोक पडलेलं. भात झोडून झालं की सकू ते गोळा करायची, लाल गुंजांना तापल्या सुईनं भोक पाडायची आणि दोन्ही मिळून पाड्यावरच्या पोरींसाठी माळा ओवायची. त्याहून तिला सोस फुटक्या बांगड्यांचा. ओल्या लिंपणात काचेचे तुकडे अंगठ्यानं दाबून तिनं दाराच्या दोन्ही अंगांना मोर बसवले होते. उन्हं तिरपी झाली की ते मोर असे चमकत की किन्हवलीच्या बाजाराला निघालेली माणसं ओझं खाली ठेवून बघत.

गिरजा बघत नसे. न बघण्यासाठी दिवसातून किती वेळा मान वळवावी लागे, तो हिशेब तिचा तिलाच ठाऊक.

"काचा चिकटवून कुणाचं पोट भरलंय?" ती धोंडीबाईला म्हणायची. "उद्या पोरांच्या पायात घुसली म्हंजे कळंल."

धोंडीबाई ही पाड्यावरची जाणती म्हातारी. ती म्हणाली, "भितीवरली काच पायात कशी घुसंल गो? पोरं काय भितीवर चालतात?"

तरी तोवर गिरजाचा मत्सर घरगुती होता. पाड्यावरच्या हिराबाईच्या लेकीचं, ठकीचं लग्न ठरलं आणि तो वाढीला लागला.

आमच्याकडं लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. तो लिहायचा सवाष्णीनं, आणि तिचे हात हिरव्या काचेनं भरलेले हवेत. हा मान कितीतरी वर्षं गिरजाचा होता. तिच्या रेघा वाकड्या जात, पण त्या वाकड्या रेघांसमोर लागलेली लग्नं टिकली होती, म्हणून कुणी काही बोलत नसे. प्रत्येक लग्नाला हिराबाई, सकू, सगळ्याजणी मागं उभ्या, आणि पिठाची वाटी गिरजाच्या हातात. त्या वाटीवर तिचं वर्ष निघायचं.

तर हिराबाई लग्नाचं सांगायला आली. आली गिरजाकडं, पण थबकली सकूच्या दारात.

"काय मोर हाय गो. जित्ता वाटतो."

मग गिरजाच्या ओट्यावर बसून तिनं पान खाल्लं, जेवणाचं बोलली, वऱ्हाड शहापूरकडून येणार ते बोलली. उठताना गिरजानंच विचारलं, "चौकाला कवा येऊ?"

"चौकाचं बघू," हिराबाई म्हणाली. "सांजच्याला येते तवा सांगते."

एवढंच. पण या दोन शब्दांनी गिरजाच्या पोटात जे पेटलं, त्यावर पाड्याचा भात शिजला असता.

हिराबाई परत यायच्या आत आपल्या दाराशी असं काही काढायचं, की सकूचे मोर कोंबड्या वाटावेत. गिरजानं चिकणमाती, शेण आणि भाताचा तूस कालवला, दाराशेजारी लिंपण थापलं आणि पोपट बसवायला घेतला. चोचीला लाल काच होती. डोळ्याला काळी होती. हिरवे तुकडे होते मूठभर, ते डोक्यातच संपले.

चैताचं ऊन. लिंपण कडेनं सुकू लागलं. एकदा वाळलं की त्यात काच धरत नाही, आणि दाराशी मुंडकंच असलेला पोपट घेऊन बसायचं, तेही सकूच्या मोरांशेजारी. साता समुद्रापलीकडं लढाई सुरू झाल्यापासून काच येईना, मुरबाडच्या कासाराच्या पेटीत हिरवी बांगडी दिसत नव्हती, म्हणून फुटक्यांनाही भाव आला होता. कुडाच्या पलीकडं सकू फुटक्या बांगड्यांनी भरलेला आपला वाळका भोपळा हलवून तुकडे निवडत होती. खळखळ ऐकू येत होती. "सकू, थोडं हिरवं दे" एवढं म्हटलं असतं तर भोपळा आख्खा आला असता. पण तेवढं गिरजाच्या त्या मोठ्या गळ्यातून निघेना.

तिनं आपल्या मनगटांतल्या हिरव्या बांगड्यांकडं पाहिलं. मग जात्याच्या दगडावर ती मनगटं आपटली. आधी डावं, मग उजवं.

पोपट पुरा झाला. खोटं कशाला बोला, देखणा झाला.

पाणी घेऊन येणाऱ्या धोंडीबाईनं तो पाहिलाच नाही. तिला दिसले गिरजाचे उघडे हात. कळशी ठेवून ती मटकन खाली बसली.

"कवा गेला गो कोंडू? सकाळी तर माझ्याकडून तंबाखू घेऊन गेला."

तिनं जो सूर लावला त्यानं पाच घरांतल्या बायका धावल्या. दोघी-तिघींनी तर काही न विचारताच पदर डोळ्याला लावला. एवढ्यात परसातून दोरी वळता वळता कोंडू पुढं आला.

"कोण गेला?"

"तू," धोंडीबाई म्हणाली, आणि कळशी उचलू लागली.

कोंडूनं बायकोच्या हातांकडं पाहिलं. मग पोपटाकडं. "म्हंजे मी हितं हाय व्हय, भितीवर," तो म्हणाला आणि परत परसात गेला.

सांजच्याला हिराबाई आली, पण तोवर वाटेतच तिला सगळं कळलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "बाय, येळ विचारून मी तुलाच सांगाय आली व्हती. पण आता उघड्या हातांनी कसं जमंल?"

म्हणजे वाटी गिरजाचीच होती. ती तिनं स्वतःच्या हातानं फोडली होती.

हिराबाई गेल्यावर सकू आली. तिच्या हातात माहेरची हिरव्या काचमण्यांची माळ होती.

"बाय, हात दे."

"मना तुझं काय नको. तूच लिही चौक. तुला तेच पायजे व्हतं."

"मना कशाला?" सकू बसत म्हणाली. "पीठ वाळलं का झडतं. मना काच बरी."

ज्या मानासाठी आपण जळलो तो समोरचीला फुकटही नको आहे, हे ऐकल्यावर मत्सरानं खरं तर गाशा गुंडाळावा. गिरजाचा चिवट. त्यानं नुसती कूस बदलली. पण हात मात्र पुढं आला.

सकूनं स्वतःची माळ तोडली आणि हिरवे मणी कसईच्या बियांत गुंफून दोन्ही मनगटांवर दाट पट्टे बांधले. धोंडीबाईनं निकाल दिला, "काच हाय, हिरवी हाय. चालतंय."

लग्नात चौक गिरजानंच लिहिला. रेघा नेहमीसारख्या गेल्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत, सगळ्या बायका मनगटं बघत होत्या. "कुणी ओवलं गो?" प्रत्येकीला गिरजा म्हणाली, "जावेनं." दिवसभर तेच नाव घेऊन तिची जीभ कडू झाली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या बायका मोर बघायला आल्या. नवरदेवाची आत्या मोरांवरून पुढं सरकली आणि पोपटाशी थांबली.

"ह्यो तर मोरावून भारी. कुणी केला?"

गिरजाचा ऊर भरून आला. तोंड उघडलं.

"आनि एवढं हिरवं कुठं गावलं?" आत्यानं विचारलं. "आमच्याकडं तर औषधालाबी नाय."

आता आली पंचाईत. पोपट आपला म्हणायचा तर हिरवं कुठलं ते सांगायला हवं. आणि जिनं काल चौक लिहिला तिनं त्या आधी रागानं आपले हात उघडे केले, हे नवरदेवाच्या आत्याला कसं सांगायचं? ठकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. धोंडीबाई आभाळाकडं बघत होती.

"सकूनं केला," गिरजा म्हणाली.

आत्यानं सकूच्या पाठीवरून हात फिरवला. सकू लाजून बोलली, "चोच तेवढी बायनं बसवली."

तो पोपट अजून आहे. दर सणाला गिरजा भिंत सारवते, तेव्हा त्याच्या भोवतीनं हात नेते आणि पदराच्या टोकानं काच पुसते. फक्त सकूनं तिच्या नावावर लावलेल्या चोचीला कधी हात लावत नाही. ती धुळीनं काळी पडली आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो, हा हिरवा कावळा आहे का.