प्लास्टिकखालची ओळ

मित्रांनो, तुमचे शाळेचे ओळखपत्र ज्यातून गरमागरम बाहेर पडते, त्या जातीचे मी एक जुने लॅमिनेशन मशीन आहे. बहारीनमध्ये, मनामाच्या गुदैबिया भागात, जयप्रकाश यांच्या टायपिंगच्या दुकानात माझे आयुष्य गेले.

आपल्या माणसांना कागदाची भारी काळजी. मार्कशीट असो की देवाचा फोटो, प्लास्टिकमध्ये गेल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नाही. "मशीन जुनं आहे, पण एक बुडबुडा राहत नाही," असे जयप्रकाश सांगत आणि मी फुशारून जाई.

एके दिवशी रखमाताई आल्या. त्या रत्नागिरीकडच्या, शहरातल्याच उम्म अल हस्सम भागात घरकाम करीत. त्यांचा नवरा विठ्ठल बांधकामाच्या परांचीवरून पडून वारला होता. सुरक्षेचा पट्टा न लावणे ही मयताचीच चूक, असा कोर्टात निकाल लागला. त्या दिवशी पट्टे दिलेच नव्हते, हे पाहणाऱ्या सिराज नावाच्या सोबतच्या कामगाराला मुकादमाने कोर्टाच्या तारखेआधीच मायदेशी धाडले होते. त्याची साक्ष झालीच नाही. वरच्या न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

"मला दुसरं कायएक नको, दादा," ताई म्हणाल्या. "निकालातली ती एक ओळ काढायला हवी. लेक विचारते, बाबांचीच चूक होती काय?"

अरब देशांचे मानवाधिकार न्यायालय याच शहरात बसणार, असे त्यांनी मालकिणीकडून ऐकले होते.

"ठरलंय खरं," जयप्रकाश म्हणाले, "पण पुरेशा देशांनी अजून मंजुरी दिलेली नाही. युरोपात असं कोर्ट आहे. देशातली सगळी कोर्टं झाली की साधा माणूसही तिथे जातो. ते निकाल फिरवत नाही, पण न्याय नीट झाला का, हे त्या देशाला विचारतं."

"मग इथलंही उघडेल, इंशाल्ला. तोवर कागद खराब व्हायला नको."

निकाल अरबीत होता. नेमकी ओळ दाखवता यावी म्हणून ताईंनी तिच्याखाली जयप्रकाशांकडून तिचा अर्थ मराठीत लिहून घेतला: 'चूक मयताचीच.' मग मी तो कागद सीलबंद केला. काम झकास झाले. मला तर अभिमानच वाटला.

दर वर्षी रजेवर जाण्याआधी ताई विचारत, "उघडलं काय?" जयप्रकाश म्हणत, "अजून नाही, ताई." ते उघडले तरी तक्रार सभासद देशाने आपल्या नागरिकासाठी न्यायची, आणि आपला भारत त्यात नाही, हे जयप्रकाशांना ठाऊक होते. पण ते सांगायला त्यांची जीभ रेटत नसे. मला त्यांचा राग येई, मग कीवही येई.

यंदा ताई कायमच्या गावी निघाल्या, तेव्हा जयप्रकाशांनी त्यांना सगळे सांगितले. ताई रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तो कागद काढून माझ्यावर ठेवला. त्या एका ओळीवर प्लास्टिक नखाने घासून पांढुरके झाले होते. खालची अक्षरे मात्र जशीच्या तशी होती.

"हे उघडता येतं काय? तेवढी ओळ खोडून नेते."

"उघडलं तर सगळाच कागद फाटेल, ताई."

"मग राहू दे. सही-शिक्क्याचा कागद आहे." त्यांनी तो साडीच्या घडीत ठेवला आणि निघाल्या.

मित्रांनो, आता मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडून आहे. कागद जपा, पण त्याआधी वाचा, आणि कुणावर खोटा दोष दिसला तर तेव्हाच बोला. मला वाचता येत असूनही मी गप्प राहून तापत गेले. ताईंची लेक आता ती ओळ घरी वाचेल. त्या ओळीवर एकही बुडबुडा नाही.